पिनरचा फणसांबा

माझी मुलगी दहा महिन्यांची असताना तिचं तोंड आलं. माझी मॅटर्निटी लीव्ह नुकतीच संपली होती. नर्सरीत जागा मिळेपर्यंत बाळाला सांभाळायला म्हणून आई कुडाळजवळच्या आमच्या गावाहून लंडनच्या कडेला, पिनरला आली होती. ऑक्टोबर होता. आमचा भाड्याचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता, स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ. सकाळी नवरा आणि मी एकाच ट्रेनने निघायचो, आणि दिवसभर आई आणि ती.

मुलीच्या ओठांच्या आत, जिभेच्या कडेला पांढरे फोड आले होते. बाटली तोंडाला लागली की ती मान फिरवून रडायची. लाळ इतकी गळायची की दिवसातून कितीदा तरी झबलं बदलावं लागे. जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, टॉर्चने पाहिलं आणि सांगितलं, व्हायरल आहे, आपोआप जाईल, पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजत राहा. आई सोबत होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "औषध नाही दिलं?"

"औषध नाहीये यावर. थांबायचं."

"किती थांबायचं?"

"आठवडाभर म्हणाला."

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, नुकतीच रिटायर झालेली. उगाच वाद घालणं तिचा स्वभाव नव्हता. पण त्या दोन-तीन दिवसांत ती मुलीला कडेवर घेऊन फ्लॅटभर फिरायची आणि मला तिच्या चेहऱ्यावर दिसायचं की हे थांबणं तिला सहन होत नाहीये.

शनिवारी सकाळी मुलीला उलटी झाली. मग परत झाली. तिसऱ्या उलटीनंतर ती रडायचीही थांबली, नुसती खांद्यावर मान टाकून पडली. नवरा गाडीची किल्ली शोधत होता, मी पिशवीत नॅपी भरत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "थांबा जरा. एक सांगायचं आहे."

तिनं खिडकीच्या कट्ट्यावरून किचन पेपरात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि उघडून दाखवलं. हाताच्या पंजाएवढा तपकिरी, सुरकुतलेला, लाकडासारखा तुकडा होता. एका बाजूने घासून घासून सपाट झालेला.

"फणसांबा आहे," ती म्हणाली. "म्हणजे मला तसं वाटलं. काल संध्याकाळी आणि आज सकाळी उगाळून लावला. बोटाच्या टोकावर येईल एवढाच."

नवऱ्याला ते काय आहे हे कळलं नाही. तो पुण्याचा. मला कळलं. आमच्याकडे फणसाच्या जुन्या खोडावर अशी टणक अळंबी येते, फळीसारखी बाहेर आलेली. ती वाळवून ठेवतात. पोरांचं तोंड आलं, लाळ फार गळायला लागली, की सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात. मलाही लावलेली आहे, माझ्या भावालाही. पण पिनरमध्ये फणस कुठून आला?

"कुठं मिळाला हा?" मी विचारलं.

"त्या चर्चच्या आवारात. झाडाच्या बुंध्याला होता."

"कुठल्या झाडाच्या?"

आईनं हात वर करून दाखवलं. "उंच. सुईसारखी पानं असलेलं. ख्रिसमसला लावता ना तुम्ही, तसलं."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. तो आईशी कधी आवाज चढवून बोलला नव्हता आणि तेव्हाही बोलला नाही. त्यानं फक्त म्हटलं, "आई, ते सोबत घ्या. चला." त्यापेक्षा तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात, मुलांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी मुलीला तपासलं, छातीला छोटे छोटे स्टिकर लावून मॉनिटर जोडला, आणि मग तो तुकडा हातात घेतला. उलटा केला, वास घेतला.

"हे कुठल्या झाडावरचं आहे, माहीत आहे का?"

"सुईच्या पानांचं झाड होतं, एवढंच आई सांगते."

"यू होतं का? चर्चयार्डमध्ये यू खूप असतात."

मी यूचं झाड ओळखत नव्हते. पाच वर्षं या देशात राहून मला पाइन, स्प्रूस, यू यांतला फरक सांगता आला नसता. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं. यूची पानं, साल, बिया, सगळं विषारी असतं आणि त्याचा परिणाम हृदयावर होतो. अळंबी स्वतः विषारी असेल असं नाही, पण तिला सालीचे, पानांचे तुकडे चिकटलेले असतील आणि तेही उगाळले गेले असतील तर त्यांना ते माहीत हवं. विषबाधेची माहिती देणाऱ्या लोकांना त्या फोन करणार होत्या. तोवर मुलीच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायचं.

मग त्या म्हणाल्या, "मला तुमच्या आईशी बोलायचं आहे. दुभाष्यामार्फत."

"मी सांगते ना."

"नाही, घरातल्या माणसाकडून नको. नियम आहे."

एका छोट्या खोलीत टेबलावर फोन ठेवला आणि स्पीकर लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, शुद्ध मराठी, थोडा नागपूरकडचा सूर. परक्या देशात अचानक मराठी ऐकू आल्यावर आई सावरून बसली. म्हणाली, "नमस्कार ताई. तुम्ही कुठल्या?"

"माफ करा, मला वैयक्तिक बोलता येत नाही. डॉक्टर विचारतात, तुम्ही बाळाला काय दिलं?"

आईचा चेहरा उतरला. पण तिनं सगळं नीट सांगितलं, वर्गात सांगायची तसं, एकेक वाक्य सुटं करून. फणसांबा म्हणजे काय, कसा उगाळतात, किती लावला. दुभाषा बाईंना फणसांबा माहीत नव्हता. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "जॅकफ्रूट मश्रूम." डॉक्टर कागदावरून वर बघत म्हणाल्या, "बाळाला फणस खायला घातला?" मी तोंड उघडलं आणि डॉक्टरांनी हात वर केला. मला गप्प बसावं लागलं. तो गैरसमज दूर व्हायला आणखी दोन प्रश्न आणि दोन उत्तरं लागली, आणि तेवढ्या वेळात आई प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होती, मी काही सांगेन म्हणून.

शेवटचा प्रश्न होता, "आईवडिलांना न विचारता का दिलं?"

आई म्हणाली, "मी तिची आजी आहे."

दुभाषा बाईंनी ते तसंच सांगितलं. इंग्रजीत ते उत्तर वाटत नव्हतं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की त्यांनी तुकड्याचा फोटो तज्ज्ञांकडे पाठवायची सोय केली आहे, पण शनिवार आहे, उत्तर कधी येईल सांगता येत नाही. झाड कुठलं ते कळलं तर बरंच सोपं होईल. तिथल्या एका नर्सबाई पिनरच्याच होत्या. त्यांच्या ओळखीची एक बाई शरद ऋतूत लोकांना रानात अळंब्या दाखवायला नेत असे. नर्सबाईंनी तिला फोन लावला आणि तिनं एवढंच विचारलं, "कुठलं चर्चयार्ड?"

नवरा मुलीपाशी थांबला. आई आणि मी तो तुकडा घेऊन टॅक्सीने परत पिनरला आलो.

ती बाई आमच्या आधी येऊन उभी होती. सत्तरीची असेल. पूर्वी माध्यमिक शाळेत बायोलॉजी शिकवायची. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं छोटं भिंग, पिशवीतून ब्रेडच्या सुरीची मूठ बाहेर आलेली. तिनं बाळ कसं आहे ते आधी विचारलं, मग तुकडा मागितला.

तिनं तो बराच वेळ पाहिला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती स्वतःशी बोलल्यासारखं मला सांगत होती. वरचा भाग तपकिरी, खडबडीत, त्यावर पातळ पण टणक पापुद्रा. कडा पांढरट. खालची बाजू साईच्या रंगाची, तिला बारीक बारीक भोकं, टाचणीच्या टोकाएवढी. म्हणजे ही छत्रीसारखी नाही, फळीसारखी अळंबी, झाडाला आडवी वाढणारी. मग सुरीने कोपरा कापून आतला रंग पाहिला. "आतून फिक्कट आहे," ती म्हणाली. "हे चांगलं आहे. अशाच दिसणाऱ्या काही फळ्या आतून कोकोसारख्या गडद असतात. त्यांतली ही नाही."

आईनं मला विचारलं, ती काय म्हणते. मी सांगितलं. आई हळूच म्हणाली, "हो. उगाळताना पण तसाच उतरला. आपला फणसांबा तांबूस उतरतो. हा पांढुरका उतरला."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं, हा तो नाही?"

तिनं तुकड्याभोवतीचा किचन पेपर नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.

रंगाचं मी त्या बाईला सांगितलं. तिनं मान हलवली, आईकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाली, "आता झाड."

चर्चच्या मागच्या बाजूला जुन्या थडग्यांमध्ये दोन मोठी झाडं होती, इतकी जवळजवळ की एकाच्या फांद्या दुसऱ्याच्या खोडावर आलेल्या. माझ्या दृष्टीनं दोन्ही हिरवीगार, काळोखी, सारखीच. आई त्यांच्यापुढे थांबली. आधी डावीकडे बोट केलं, मग उजवीकडे. "इथंच होतं. खाली, जमिनीला लागून. मी वाकून काढलं. वर नाही पाहिलं नीट."

बाईनं खालच्या फांदीची एक डहाळी तोडून मला दाखवली. पानं सुटी सुटी, चपटी, मऊ, दोन बाजूंना कंगव्यासारखी. चुरगळून नाकाशी धरली, तर काही वास नाही. "यू," ती म्हणाली. जमिनीवर त्याच पानांचा खच होता, आणि त्यात लाल लाल फळं चिरडलेली. आईला इंग्रजी कळत नव्हतं पण तो शब्द सकाळपासून तिनं इतक्यांदा ऐकला होता की तिला कळलं. ती शेजारच्या थडग्याच्या कट्ट्यावर बसली.

बाई मात्र गुडघे टेकून खाली बसली होती आणि हातानं पानं बाजूला करत होती. तिनं आम्हाला बोलावलं. एका जाड मुळाच्या बेचक्यात, अर्धवट गवतात दडलेली, तसलीच आणखी एक अळंबी होती, आणि तिच्या शेजारी ताजा पांढरा व्रण. तिनं आमचा तुकडा त्या व्रणाला लावून पाहिला. कडेला कडा जुळली.

"पण हे मूळ कुणाचं?" मी विचारलं.

"तेच बघतेय."

ती मुळावर हात ठेवून मागे मागे सरकत गेली, दगडाला वळसा घालून, आणि यूच्या खोडाला ओलांडून पलीकडच्या झाडापाशी पोचली. तिथली पानं लांब होती, दोन-दोनच्या जोडीनं एकत्र बांधल्यासारखी. "पाइन," ती म्हणाली. पण तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. म्हणाली, मुळं एकमेकांवरून जातात, डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. तिनं आमच्या तुकड्याच्या मागे चिकटलेलं कुजकं लाकूड सुरीनं खरवडलं, बोटांत चोळलं आणि माझ्यापुढे धरलं. "वास घ्या."

टर्पेंटाइनसारखा वास आला.

"यूच्या लाकडात राळ नसते. पाइनमध्ये असते. हे पाइनचं आहे, माझी खात्री आहे." तिनं एक लांब लॅटिन नाव सांगितलं आणि मला ते कागदावर लिहून दिलं. ही अळंबी पाइनसारख्या झाडांची मुळं कुजवते, चिवट असते, कुणी खात नाही, पण विषारी म्हणून तिला कुणी ओळखत नाही.

मी विचारलं, "म्हणजे बाळाला धोका नाही?"

"ते मी नाही सांगू शकत," ती म्हणाली. "मी एवढंच सांगू शकते की ही काय आहे आणि कशावर वाढली. तिला यूची पानं चिकटली होती का, ते तुमच्या आईला माहीत."

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "धुतलं होतं गो. ब्रशनं घासून धुतलं होतं. पान नव्हतं एकही." मग म्हणाली, "मला वाटतं, नव्हतं."

त्या "मला वाटतं"ने मला परत जाताना टॅक्सीत छळलं. आई दाराकडच्या बाजूला बसली होती आणि दोन्ही हात मांडीवर उलटे, तळवे वर करून ठेवले होते. तुकडा परत पेपरात गुंडाळताना तिच्या बोटांना पाइनची राळ लागली होती. ती पुसायचीही नाही असं तिनं ठरवल्यासारखं दिसत होतं.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा मुलगी नवऱ्याच्या छातीवर झोपली होती. उलट्या थांबल्या होत्या. ठोके नीट होते. डॉक्टरांनी कागद वाचला, फोन केला, आणि एक दिवस ठेवून घेतलं. रविवारी मुलगी चमच्यानं पाणी प्यायली, मग दूध. आमच्या वॉर्डातली आणखी दोन मुलं तसल्याच उलट्यांनी आली होती. डॉक्टर म्हणाल्या, बहुधा पोटाचा व्हायरस, सध्या साथ आहे. त्या तुकड्याचा संबंध असावा असं त्यांना वाटत नव्हतं. पण नाही असंही त्या म्हणाल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलनं कळवल्यावरून घरी दोन बायका आल्या, एक आमची हेल्थ व्हिझिटर, म्हणजे घरी येऊन बाळाची वाढ बघणारी सरकारी नर्स, आणि एक मुलांच्या सुरक्षिततेचं बघणारी. दोघी सौम्य बोलत होत्या. स्वयंपाकघर पाहिलं, औषधं कुठं ठेवता विचारलं. आईनं त्यांना चहा केला, बेसनाचे लाडू दिले. एकीनं लाडू हातात घेतला आणि विचारलं, यात काय काय आहे? ती सहज विचारत होती. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाली, "सांग तिला, नको असेल तर राहू दे."

त्या दोघी पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं.

आमच्या घरात ते मिटायला वेळ लागला. नवरा आईशी आदरानंच वागत होता, पण त्यानं ऑफिसातून आठवडाभराची सुट्टी काढली, मग घरून काम करायची परवानगी मागितली. कारण कुणी उच्चारलं नाही. एका संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "तिला कळतंय, तू का घरी आहेस ते."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण मी ऑफिसात बसून दिवसभर घरचा फोन वाजतोय का ते बघत राहू? मला नाही जमत. मी तिच्यावर रागावलेलो नाही. मला भीती वाटते, बस."

तो खोटं बोलत नव्हता.

आईनं स्वतःच वाटणी करून घेतली. स्वयंपाक तिचा, कपडे तिचे, झबल्यांना इस्त्री तिची. मुलीला भरवणं, औषध पाजणं तिनं सोडलं. मुलगी तिच्याकडे हात करायची तेव्हा ती तिला उचलायची, पण बाटलीची वेळ झाली की माझ्याकडे किंवा नवऱ्याकडे आणून द्यायची. मी म्हटलं, "आई, असं नको करू. तू पाज ना."

"नको गो," ती म्हणाली. "मला माझ्याच हाताची भीती वाटते आता."

डिसेंबरात नर्सरीत जागा मिळाली आणि आई ठरलेल्या तारखेला परत गेली. हीथ्रोवर नवऱ्यानं वाकून नमस्कार केला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

त्या बायोलॉजीच्या बाईंना मी आभार मानायला फोन केला तेव्हा त्यांनी मला रविवारच्या फेरीला बोलावलं. मी गेले, आणि जात राहिले. का ते मला नीट सांगता येत नाही. मुलगी ढकलगाडीत, मी चिखलात, कुठल्या तरी लार्चच्या बुंध्याशी वाकलेली. कडा, भोकं, आतला रंग, वास, झाड कुठलं. त्या मला नेहमी आधी झाड विचारायच्या, अळंबी नंतर. मला ओळखता यायला लागलं, पण प्रत्येक वेळी तीच भीती वाटायची, आणि त्या म्हणायच्या, वाटू दे, ती असलेलीच बरी. चर्चमधला पाइन त्यांनी कळवल्यावर तपासला गेला. मुळं पोकळ झाली होती. वसंतात तो कापून टाकला.

दोन वर्षांनी आम्ही गावी गेलो तेव्हा मुलगी अंगणभर पळत होती, मालवणी शब्द उचलत होती. एका दुपारी आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती आणि मी तिच्याजवळ. इतके दिवस फोनवर जे विचारता आलं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं.

"आई, पांढुरका उतरला हे तू पाहिलं होतंस. मग का लावलंस?"

ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"पोर रडत होती," ती म्हणाली. "तुम्ही दोघं, तो डॉक्टर, सगळे थांबा म्हणत होतात. दिवसभर तिच्याजवळ मी एकटी. तुम्ही सकाळी जायचात ते अंधार पडल्यावर यायचात. मला कुणाला विचारायचं ते कळेना, आणि थांबता येईना. रंग पाहिला आणि म्हटलं, इथला असा असेल."

ती सूप हलवत राहिली.

"चूक होती," ती म्हणाली. "पण तू विचारलंस ते बरं झालं. जावई विचारत नाहीत, तू विचारत नव्हतीस. मला वाटायचं, तुम्हाला वाटतं मी मुद्दाम केलं."

"असं कुणालाच कधी वाटलं नाही, आई."

"मग सांगायचं ना तसं."

मुलगी पळत आली, आईच्या गळ्यात पडली आणि पाणी मागू लागली. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दे ना." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि आत गेली.